फुकटाच्या रात्रीचा कडता

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत क्रेडिट कार्डाच्या पॉइंटवर हॉटेलात फुकट राहण्याबद्दल लेख आला होता. नवरा-बायको, दोन बॅगा, विमानतळ, खिडकीतनं दिसणारा समुद्र. लेख वाईट नव्हता. पण तो वाचून आमच्या थोरल्यानं पुण्याहून फोन केला, "पप्पा, मी सांगत होतो ना, बघा पेपरात पण आलंय." तिथनं पुढं दोन महिने आमच्या घरात जे काही झालं, त्यातलं एक अक्षर त्या लेखात नव्हतं. लेख दोघांचा होता. आम्ही सहा, सातवा ड्रायव्हर, आणि गाडी एर्टिगा. म्हणून हे पत्र. लांबलं तर कात्री आपल्या हातात आहेच.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो, म्हणजे शेतकऱ्याचा माल दलालीवर विकून देतो. वडील करायचे, त्यांच्या आधी आजोबा. हरिपूरच्या पेवांत हळदीची पोती उतरताना बघत मोठा झालो. अडत्याला एक खोड असते. माल कितीही पिवळाधमक असो, तो आधी पट्टीकडं, म्हणजे विक्रीच्या हिशोबाच्या कागदाकडं बघतो. तोलाई किती, हमाली किती आणि कडता किती. नव्या वाचकांसाठी सांगतो, "ओल आहे, माती आहे" म्हणून वजनातनं जे किलो-दोन किलो मुकाट्यानं उडवायचे त्याला कडता म्हणत. आता तसं धरायचं नाही असा नियम आहे, पण शब्द काही आमच्या तोंडातनं गेला नाही. थोरला म्हणाला, "दोन रात्री फुकट आहेत." मी विचारलं, "कडता किती?" तो हसला. मी हसलो नव्हतो.

आधी या रात्री येतात कुठनं ते बघा. आपण दुकानात कार्ड घासलं की त्या रकमेतनं टक्का-दोन टक्के कापूनच दुकानदाराच्या हातात पैसे पडतात. बँक त्यातला थोडा भाग हॉटेल साखळीला देऊन तिच्याकडनं पॉइंट विकत घेते आणि कार्डवाल्याला वाटते. म्हणजे ते पॉइंट कुणाच्या तरी गल्ल्यातनं गेलेलेच असतात. बँक खात्यातनं यूपीआय केलं तर जानेवारी २०२० पासून व्यापाऱ्याला ही कापणी नाही, आणि म्हणूनच तिथं पॉइंटांचाही एवढा पाऊस नाही. आमच्या यार्डात सगळं आरटीजीएस नाहीतर चेक. चाळीस वर्षं धंदा करून माझ्या नावावर एक रात्र जमली नाही, आणि पोरगं कंपनीच्या कामाची तिकिटं स्वतःच्या कार्डावर काढून दोन रात्री कमावून बसलं. पैसे कंपनी परत देते, पॉइंट याच्याकडं राहतात. ह्याला अक्कल म्हणायची का पळवाट, यावर आमच्याकडं एक जेवण गार झालं.

ही तऱ्हा नवी नाही. अमेरिकन एअरलाइन्सनं १९८१ साली प्रवासाचे मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि १९८३ साली, म्हणजे कपिल देवनं विश्वचषक उचलला त्या साली, हॉलिडे इन आणि मॅरियट यांनी हॉटेलांसाठी तेच केलं. आपल्याकडं आता ताज, आयटीसीपासून परदेशी साखळ्यांपर्यंत सगळ्यांच्या अशा योजना आहेत. आमच्या थोरल्याची साखळी कोणती, ते मी सांगत नाही. तिची चूक असेल-नसेल, मला भांडण नको आहे.

त्यातली खरी गोम मला कळली ती अशी. पाटी मोठ्या साखळीची असते, इमारत बहुतेक वेळा दुसऱ्याच कुणाची तरी. साखळी म्हणजे आमच्यासारखी अडत्या. आपण फुकट रात्र वापरली की साखळी त्या मालकाला त्यापोटी काहीतरी रक्कम देते. हॉटेल ओस पडलं असेल तर थोडकी, भरत आलं असेल तर जवळपास पुऱ्या भाड्याची. मग फुकटवाल्याला दार कधी उघडणार? ओस पडलेलं असेल तेव्हा. त्यात बऱ्याच साखळ्यांत पॉइंटांचा भाव आता ठरलेला राहिला नाही, तारखेगणिक चढतो-उतरतो. आमच्याकडं राजापुरी हळदीचा सकाळचा भाव आणि दुपारचा भाव वेगळा, तसंच. थोरल्याच्या रात्रीला पॉइंटांची वरची मर्यादा होती, तेवढ्या पॉइंटांच्या आतली खोलीच त्या रात्रीत मिळायची. त्याच्या मनात नाताळातला गोवा. बघितलं तर त्या तारखांना गोव्यातल्या एकाही खोलीचा भाव त्या मर्यादेत बसत नव्हता. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात धडाधड बसत होता.

"मग जानेवारीत जाऊया," सूनबाई म्हणाल्या.

जानेवारीत जाता येत नव्हतं, कारण रात्री ३० नोव्हेंबरला संपत होत्या. आणि संपत होत्या म्हणजे बुकिंगची मुदत संपत होती असं नव्हे. त्या तारखेच्या आत तिथं झोपून उठलेलं असायला पाहिजे. हा पहिला कडता. थोरला वर्षभर समजत होता की तीस तारखेपर्यंत बुक केलं की झालं. नियम त्याच्या मोबाइलमध्येच होता, अकराव्या कलमात.

तर जायचं कुठं? दिवाळी झाली की फेब्रुवारीत नवी हळद येईपर्यंत मला सवड असते. आईनं कधीचं मनात धरलेलं होतं, हंपीला जायचं. आई एकोणऐंशीची. वीस वर्षं आषाढीला पायी चाललेली, आता गुडघ्यांनी वारी थांबवली. हंपीचं तिला राजवाड्यांसाठी नको होतं. कृष्णदेवरायानं पंढरीचा पांडुरंग विजयनगरला नेला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत आणला, अशी परंपरा आहे. "त्याला कुठं नेऊन ठेवलं होतं ती जागा एकदा बघायची," एवढंच तिचं म्हणणं. मग वाट ठरली. सांगली, जत, विजापूर, बदामी, होस्पेट, हुबळी, बेळगाव आणि घर.

आता थोरल्याच्या साखळीचं हॉटेल या वाटेवर कुठं? बदामीत नाही. हंपीच्या आसपास मिळेना. वाटेवरचं एकच मिळालं, बेळगावात. घरात हशा. सांगलीपासून तीन तासांवर येऊन मुक्काम! आमची मंडळी म्हणाल्या, "बेळगावात राहायचं म्हणजे अंगणात तंबू ठोकायचा." थोरल्याला तर रात्र वाया गेल्यासारखीच वाटत होती. मी म्हटलं, हे असंच असणार. या साखळ्या देवळं आणि लेणी बघून हॉटेल काढत नाहीत. सोमवार ते शुक्रवार जिथं कंपन्यांचे साहेब, औषध कंपन्यांचे एमआर, फाउंड्रीवाले उतरतात, तिथं काढतात. अशी हॉटेलं शनिवार-रविवारी रिकामी असतात. फिरण्याच्या ठिकाणी नेमकं उलटं. रविवारच्या रात्रीला बेळगावात दोन्ही खोल्या एका झटक्यात मिळाल्या.

दोन खोल्या का, तेही सांगतो. फुकट रात्र म्हणजे फुकट खोली, आणि खोली म्हणजे दोन मोठी माणसं आणि फार तर एक पोर. आम्ही पाच मोठे, एक नातू, वय नऊ. म्हणजे थोरल्याच्या दोन रात्री एकाच रात्री खर्ची पडल्या आणि तिसऱ्या माणसासाठी जादा गादीचे १,५०० रुपये वर. लेखात "दोन रात्री" वाचून कुणी दोन दिवसांचा बेत आखत असेल, तर त्यानं आधी घरातली डोकी मोजावीत.

बुधवारी पहाटे निघालो. विजापूरला गोलघुमटात नातवानं ओरडून घेतलं. १६५६ मध्ये पुरी झालेली इमारत, आवाज किती वेळा फिरून येतो ते मोजता मोजता त्याचा घसा बसला. आई खालीच बसून राहिली, वरच्या सज्ज्याच्या जिन्याकडं बघून तिनं हात जोडले. रात्री बदामी. तिथल्या लॉजचं नाव घेत नाही, कारण माणसं चांगली होती. खोली १,८००, चादरी धुतलेल्या, गरम पाणी सहा ते आठ. पण लिफ्ट नाही आणि खोल्या दुसऱ्या मजल्यावर. चौतीस पायऱ्या. मी मोजल्या, कारण आईचा हात माझ्या खांद्यावर होता आणि ती प्रत्येक पायरीला "पांडुरंग" म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ऐहोळे, पट्टदकल, बदामीची लेणी असं करून परत आलो तेव्हा त्याच चौतीस पायऱ्या पुन्हा. मधल्या वळणावर एक प्लास्टिकची खुर्ची मागून घेतली. आई तिच्यावर बसली आणि म्हणाली, "तुम्ही जावा वर. मी हितंच झोपते."

जाता जाता एक. ऐहोळ्याच्या मेगुती टेकडीवर जैन देवळात रविकीर्तीचा इसवी सन ६३४ चा शिलालेख आहे. त्यात चालुक्य राजा पुलकेशीनं नव्व्याण्णव हजार गावांची तीन महाराष्ट्रकं जिंकल्याचं कोरलंय. आपलं नाव तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या दगडावर कोरलेलं बघून सांगलीच्या माणसाला काय वाटतं, ते वेगळ्या पत्रात लिहीन.

होस्पेटचा लॉज तळमजल्यावर मिळाला, पण रस्त्यालगत. रात्रभर खनिजाचे ट्रक. आई दोन रात्री मिळून चार-पाच तास झोपली असेल. हंपीत विठ्ठल मंदिरापर्यंत गाडी जात नाही, अलीकडं लावून बॅटरीच्या गाडीतनं जावं लागतं. पन्नासच्या नव्या नोटेवर जो दगडी रथ आहे तो समोर आला तसा नातवानं खिशातली नोट काढून रथाशेजारी धरली. बापाला सात फोटो काढायला लावले. आईनं रथाकडं बघितलंही नाही. ती सरळ आत गेली आणि रिकाम्या गाभाऱ्यासमोर उभी राहिली. गाभाऱ्यात मूर्ती नाही. माळ हातात होती. बऱ्याच वेळानं म्हणाली, "हितनं नेला व्हय त्याला. बरं झालं भानुदासांनी नेला. हितं त्याच्याशी बोलायला तरी कोण हाय." एवढं बोलून परत फिरली. बाकीचं हंपी तिनं गाडीतनं बघितलं.

शनिवारी रात्री थोरल्याला फोन आला, सोमवारी सकाळी बेंगळुरूच्या ऑफिसात हजर राहायचं. रविवारी दुपारी त्याला हुबळीच्या स्टेशनवर सोडलं आणि आम्ही पाच जण, ड्रायव्हर धरून सहा, बेळगावकडं निघालो. आई मागच्या सीटवर आडवी. पाय सुजलेले.

दुसरा कडता काउंटरवर बसला होता. साडेसहाला पोचलो. गार हवा, चकचकीत फरशी, सुवासिक पाण्यानं भिजवलेला टॉवेल. काउंटरवरची मुलगी गोड मराठीत बोलली, सगळ्यांची आधार कार्डं घेतली आणि म्हणाली, "सर, मेंबर कुठं आहेत?"

"मेंबर रेल्वेत आहे."

"त्यांना स्वतः यावं लागेल सर. रात्र त्यांच्या नावावर आहे. नाहीतर त्यांनी ॲपमधून तुमची नावं आधी घालायला हवी होती."

थोरल्याचा फोन लागेना. गाडी कुठंतरी रानातनं चालली असणार. सूनबाईंनी लग्नाचा फोटो दाखवला, नातवानं बापाचा नंबर पाठ म्हणून दाखवला. त्या मुलीचा दोष नव्हता, नियम तिनं केला नव्हता. ती फोनवर कुणाशी तरी बोलत होती, तिकडनं "होल्ड करा" येत होतं. रोखीनं घ्यायची तर त्या रात्रीचं भाडं खोलीमागं ५,२०० होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवरचा जीएसटी बारावरनं पाच टक्क्यांवर आला, म्हणजे करासह ५,४६०, दोन खोल्यांचे १०,९२०. मी पाकीट काढलं. सूनबाई म्हणाल्या, "मामा, थांबा जरा, लागेल त्यांचा फोन." तेवढ्यात सोफ्यावरनं आई उठली, काउंटरला हात टेकून त्या मुलीला म्हणाली, "बाई, त्यो माझा नातू. त्याचं आडनाव माझ्या कार्डावर हाय. त्याला आम्ही एवढा वाढवला, आम्हाला एक रात झोपू दे की." मुलीनं आईसाठी काउंटरमागची स्वतःची खुर्ची पुढं आणली. नियम नाही हलला, खुर्ची हलली.

पंचावन्न मिनिटांनी थोरला सापडला. त्यानं धावत्या गाडीतनं नावं घातली, तिकडं कुणीतरी बटण दाबलं आणि खोल्या मिळाल्या. त्यावर आणखी ३,००० रुपये अनामत सूनबाईंच्या कार्डावर अडकवली. काही मोडलं-फोडलं तर म्हणून. ती पाच दिवसांनी सुटली, पण नातवानं फ्रिजमधला कोका-कोला उघडला होता, त्याचे १२० कापून.

तिसरा कडता मला जिव्हारी लागला. आमचा ड्रायव्हर मिरजेचा, बारा वर्षं आमच्याबरोबर. बदामीत, होस्पेटात लॉजवाल्यांनी न विचारता त्याची सोय केली होती. एकानं हॉलमध्ये गादी दिली, दुसऱ्यानं मागची खोली दोनशे रुपयांत. इथं विचारलं तर म्हणाले, ड्रायव्हरसाठी जागा नाही, पार्किंगमध्ये थांबू शकतात, बाथरूम वॉचमनच्या केबिनजवळ. पाचव्या मजल्यावर तीन गाद्यांवर आम्ही आणि आम्हाला तिथवर सुखरूप आणणारा तळघरात सीट मागं पाडून. "मालक, मला सवय हाय," तो म्हणाला. सवय असते म्हणूनच कुणी विचारत नाही. बस स्टँडजवळ ८०० रुपयांत त्याला खोली बघून दिली आणि मगच वर गेलो. फुकट राहण्याच्या लेखांत ड्रायव्हर कधीच नसतो. आपल्या भागात घराबाहेर पडणारी किती कुटुंबं स्वतः गाडी चालवतात आणि किती ड्रायव्हर घेऊन जातात, हे पुरवणी काढणाऱ्यांनी एकदा टोलनाक्यावर उभं राहून बघावं.

आता हिशोब, अडत्याच्या पद्धतीनं. थोरला म्हणतो, पप्पा, दहा हजार नऊशे वीस वाचले. मी म्हणतो, चूक. जो माल मी रोखीनं घेतलाच नसता, त्याची किंमत जमेला धरायची नसते. फुकट नसतं तर आम्ही बेळगावात १,८०० वाल्या दोन खोल्या घेतल्या असत्या, म्हणजे जमा ३,६००. खर्चाला कार्डाची वर्षाची फी ३,००० आणि तिच्यावर १८ टक्के जीएसटी, ३,५४०. जादा गादी, थोरला मधूनच गेला तरी आधी सांगून ठेवलेली, करासह १,५७५. कोका-कोला १२०. ड्रायव्हरच्या खोलीचे ८०० मी यात धरत नाही, तो खर्च कुठंही झालाच असता. सकाळची न्याहारी फुकट रात्रीत नव्हती. माणशी साडेसहाशे म्हटल्यावर बाहेर जाऊन इडली खाल्ली आणि येताना कुंदा बांधून घेतला, तोही धरत नाही. तरी बेरीज उलटीच येते. १,६३५ रुपये घाटा. थोरला म्हणाला, फीमध्ये कार्डाचे इतर फायदे पण आहेत. असतील. ते मला दाखवल्यावर खतावणीत चढवीन.

असं असूनही त्या रात्रीबद्दल मला तक्रार नाही. लिफ्टमधनं आई पाचव्या मजल्यावर गेली तेव्हा "एवढ्यात आलो?" म्हणाली. बाथरूममध्ये कमोडच्या शेजारी धरायला दांडा होता. अंघोळीला बसायला स्टूल मागितलं, पाच मिनिटांत आलं. गरम पाणी कधीही. खिडकी बंद केली की रस्ता नाहीसा. आई घरी पहाटे साडेचारला उठते, गेली पंचवीस वर्षं तरी. त्या दिवशी सव्वासातला उठली. मी सहापासनं दोनदा तिच्या नाकाशी हात धरून बघितला, खोटं कशाला सांगू. उठल्यावर पायाची सूज उतरलेली. बेळगाव ते सांगली ती पुढच्या सीटवर ताठ बसून आली, संकेश्वरला उसाचा रस प्यायली.

त्यामुळं थोरल्याला मी आता सांगून ठेवलंय. तुझ्या रात्री समुद्रासाठी साठवू नकोस. प्रवासाचा जो दिवस सगळ्यात लांब आहे, गाडीतलं सगळ्यात थकलेलं माणूस जिथं मान टाकेल, त्या गावात खर्च कर. ते गाव बेळगाव असो नाहीतर आणि कुठलं. बघण्याच्या ठिकाणी लॉज चालतो, तिथं आपण दिवसभर बाहेरच असतो. परतीच्या वाटेवर मात्र खोलीच बघायची असते. गोव्याला जायचं तर तो जानेवारीत स्वतःच्या पैशानं जाईल.

संपादक महाराज, आपल्याकडं दोन मागण्या आहेत. आपल्या पेपरात असा लेख किंवा कार्डाची पानभर जाहिरात येते तेव्हा एक छोटी चौकट शेजारी छापा. मुदत बुकिंगची की मुक्कामाची, एका खोलीत माणसं किती, मेंबर स्वतः हजर पाहिजे का, न्याहारी आणि जादा गादी कुणाच्या खिशातनं, अनामत किती अडकते. पाच ओळी होतील. जाहिरातवाले कुरकुरतील, तर लेखाखाली तरी छापा. आमच्या यार्डात शेतकऱ्याच्या हातात पट्टी देताना प्रत्येक कापणी वेगळी लिहून द्यावी लागते, नाही दिली तर तो रस्त्यावर येतो. हॉटेलच्या गिऱ्हाईकाला तेवढंही नाही.

दुसरी मागणी ड्रायव्हरची. आपल्या पुरवणीत हॉटेलांची ओळख येते तेव्हा पोहायचा तलाव आहे की नाही ते असतं, कुत्रं चालतं की नाही तेसुद्धा असतं. ड्रायव्हरला झोपायला जागा आहे का, एवढा एक रकाना वाढवा. नसेल तर "नाही" असंच छापा. दोन-चार वेळा "नाही" छापून आलं की तळघरात चार खाटा पडायला वेळ लागणार नाही.

बाकी ठीक. परवा थोरल्याचा मेसेज आला की कार्डाचं नवं वर्ष लागलं, फी भरली, आणखी एक रात्र जमा झालीय. आईच्या कानावर ते गेलंय. तिला आता अक्कलकोट आणि तुळजापूर करायचंय. थोरला सोलापुरात आपल्या साखळीचं काही आहे का बघतोय. मी आईच्या आधार कार्डाचा फोटो त्याला आधीच पाठवून ठेवलाय, आणि ॲपमध्ये तिचं नाव पडल्याचा फोटो मागवलाय. तो अजून आलेला नाही.

कळावे,
आपला एक जुना वर्गणीदार,
हळद अडत्या, मार्केट यार्ड, सांगली